पुसलेला शनिवार

मी एक जुना, चौकोनी, पत्र्याचा डबा आहे. सध्या माझ्या पोटात खिळे, वॉशर आणि स्केट्सचे दोन तुटके पट्टे आहेत. पण मित्रांनो, मी जन्माने बिस्किटांचा डबा आहे, आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून मला घडवले. माझ्या झाकणावर गोठलेला कालवा रंगवला. त्यावर स्केटिंग करणारी माणसे होती, लाल टोपीतली एक मुलगी होती आणि कोपऱ्यात दाणकन आपटलेला एक लठ्ठ गृहस्थ होता. फ्रीसलँड नावाच्या थंड, सखल मुलखातल्या एका खेड्यात, रोम्केआजोबा आणि मिंकेआजींच्या लग्नात कोणीतरी मला भेट दिले. अर्थात तेव्हा ते आजी-आजोबा नव्हते.

त्या घरात माझा फार मान होता. पाहुणा आला, कॉफी ओतली, की मिंकेआजी माझे झाकण उघडत. पाहुण्याने एक बिस्किट घ्यायचे. लगेच झाकण बंद. दुसऱ्या कपाला दुसरे बिस्किट, आणि तिसऱ्या कपाची वेळ शहाणा पाहुणा येऊच देत नसे. आमच्या मुलखाबाहेरचे लोक याला चिक्कूपणा म्हणतात. म्हणोत बापडे! जे झाकलेले आहे ते चांगलेच राहते, अशी माझी ठाम समजूत होती. चाळीस वर्षांत माझ्या पोटातले एकही बिस्किट मऊ पडले नव्हते.

रोम्केआजोबा गावाच्या बर्फाचे राखणदार होते. हिवाळा आला की गावाबाहेरच्या कुरणात ते पाणी सोडत आणि गोठायची वाट बघत. मग गिरमिटाने भोक पाडून बर्फाची जाडी मोजत. सात सेंटीमीटर भरली की ते मान हलवत, आणि मगच सारे गाव स्केट्स बांधून उतरत असे. पण त्या वेळी नऊ हिवाळे असेच कोरडे गेले होते. त्यांची नात फेना सात वर्षांची झाली होती आणि तिने कुरणातला बर्फ पाहिलाच नव्हता.

आमच्याकडे मुले स्केटिंग शिकतात ती लाकडी खुर्ची पुढे ढकलत ढकलत. फेनाच्या आईची खुर्ची आजोबांनी घासून, निळा रंग देऊन तयार ठेवली होती. "तू पहिल्यांदा बर्फावर उतरशील ना, तेव्हा मी काठावर उभा असणार," असे ते तिला म्हणाले होते.

"शब्द?" फेनाने विचारले.

"शब्द," आजोबा म्हणाले.

त्याच हिवाळ्यात आजोबांच्या खुब्याचे ऑपरेशन ठरले. सोमवारी ऑपरेशन, शनिवारी घरी. शहरातल्या रुग्णालयात त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी एक पांढरा फळा होता. त्यावर मारित नावाच्या नर्सने घरी जायचा दिवस मोठ्या अक्षरात लिहिला: शनिवार. ऑपरेशन उत्तम झाले. मंगळवारी आजोबा उभे राहिले आणि बुधवारी त्यांचा एकाहत्तरावा वाढदिवस उजाडला.

आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना खाऊ द्यायचा असतो. म्हणून मिंकेआजींनी बडीशेपेची बिस्किटे भाजली आणि मला काठोकाठ भरून रुग्णालयात नेले. माझा आनंद गगनात मावेना. खोलीत चार पलंग होते. जो भेटायला येई तो रीतीप्रमाणे चारही रुग्णांचे हात हातात घेऊन त्यांना आजोबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देई, मग ओळख असो वा नसो. आणि प्रत्येक शुभेच्छेमागून मी पुढे सरकत असे.

शेजारच्या पलंगावर खेर्बेनकाका होते. पायाच्या जखमेमुळे ते सहा आठवडे तिथे होते आणि इतके दिवस त्यांची जालीम अँटिबायोटिक्स चालू होती. त्यांच्या फळ्यावर 'शुक्रवार' लिहिले होते. त्या सकाळी मारितने विचारले, "पोट वगैरे ठीक आहे ना?"

"एकदम झकास!" काका म्हणाले.

ती गेल्यावर ते आजोबांकडे झुकले. "कालपासून पोट बिघडलंय जरा. चारदा जाऊन आलो. पण बोललो तर माझा शुक्रवार गेलाच म्हणून समज. तू तोंड उघडू नकोस हां."

"मी कशाला बोलू? मी काय डॉक्टर आहे?" आजोबा हसले आणि त्यांनी मला पुढे केले. "घे, बडीशेप आहे. पोटाला बरी."

मित्रांनो, खेर्बेनकाका अस्वच्छ नव्हते. भिंतीवरच्या बाटलीतले जेल त्यांनी दोन्ही हातांना नीट चोळले होते, मी स्वतः पाहिले. मग त्यांनी माझ्यात हात घातला, एक बिस्किट उचलले, ते मोडके निघाले म्हणून परत ठेवले आणि दुसरे घेतले. "मोडकं तुला रे, वाढदिवसवाल्या!" ते म्हणाले. आजोबांनी ते मोडके बिस्किट हसत हसत खाल्ले. झाकण लागले आणि मी समाधानाने बसून राहिलो.

गुरुवारी कडाक्याची थंडी पडली. मिंकेआजी स्वतः गिरमिट घेऊन कुरणात गेल्या. त्या दिवशी बर्फ चार सेंटीमीटर होता, शुक्रवारी सहा. गावभर स्केट्सना धार लागू लागली. दुपारी फेनाचा फोन आला.

"आजोबा, उद्या सात होईल असं आजी म्हणते! उद्या येताय ना?"

"उद्या. शब्द."

त्याच दुपारी खेर्बेनकाका टोपी उडवत घरी गेले. आणि संध्याकाळी आजोबांच्या पोटात कळ आली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मारितने विचारले तर म्हणाले, "काही नाही गं, कॉफी जड गेली." आमच्या माणसांना आजाराचा बोभाटा करायची भारी लाज. शनिवारी सकाळी कपडे चढवून, बॅगेवर मला ठेवून ते दाराकडे निघाले आणि तिसऱ्या पावलाला त्यांचा तोल गेला. मारितने त्यांना धरले. तापाने अंग भाजत होते. तिने त्यांना निजवले, मग हातमोज्याच्याच बोटांनी फळ्यावरचा शनिवार पुसला आणि बुधवार लिहिला.

तपासणीत कळले की तो रुग्णालयातच पसरणारा पोटाचा जंतू होता. अँटिबायोटिक्सने पोटातले भले जंतू मेले की हा तिथे ठाण मांडतो, आणि ऑपरेशनच्या वेळी ती आजोबांनाही दिली होती. त्याच्या अंगावर इतके टणक कवच असते की जेलने त्याचे काही बिघडत नाही. साबण आणि वाहत्या पाण्याखाली हात चोळले तरच तो धुऊन जातो. आजोबांना एकट्याच्या खोलीत हलवले. दारावर पिवळी पाटी लागली. लहान मुलांना बंदी झाली. मला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्याच खोलीतल्या उघड्या कपाटात ठेवले.

जंतू कुठून आला याच्या चौकशीला एक उंच बाई आल्या. "या डब्यातलं कोणी कोणी खाल्लं?"

"सगळ्यांनी," आजोबा म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी खेर्बेनकाकांचे पोट बिघडले होते, हेही सांगितले. बाईंनी मान वर केली. "हे बुधवारीच सांगितलं असतंत तर?"

जंतू माझ्यातूनच आला की दाराच्या मुठीतून की हस्तांदोलनातून, हे सांगता येत नाही, असे त्या बाईंनी लिहून ठेवले. पण ते मोडके बिस्किट मला आठवते, मित्रांनो. ते माझ्याच पोटात परत ठेवले गेले होते.

त्याच शनिवारी बर्फ सात सेंटीमीटर भरला. मिंकेआजींनी कुरणातून फोन केला. "टाच आपटल्यावर आवाज कसा येतोय?" आजोबांनी क्षीण आवाजात विचारले. "घट्ट येतोय," आजी म्हणाल्या. "मग उघड," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले. नऊ वर्षांनी गाव बर्फावर उतरले ते त्यांच्या शब्दावर.

बुधवारही पुसला गेला. मारितने तिथे प्रश्नचिन्ह काढले, आणि आजार उलटल्यावर तेही पुसून फळा कोराच ठेवला. बर्फ मात्र मंगळवारीच संपला होता. नैर्ऋत्येचा वारा आला, पाऊस आला आणि कुरणात पुन्हा नुसते पाणी झाले. आजोबांना जरा बरे वाटेपर्यंत मिंकेआजींनी एक गोष्ट पोटात ठेवली होती. शेवटी आजोबांनीच विचारले, "फेना कशी धावली गं? पडली का फार?"

"ती उतरलीच नाही," आजी म्हणाल्या. "चार दिवस काठावर खुर्ची मांडून बसली होती. मी हजारदा म्हटलं, जा गं बाई, आजोबांना राग नाही येणार. तर म्हणते, त्यांनी शब्द दिलाय, ते येतील तेव्हाच."

"मला का नाही सांगितलंस? मी फोनवर समजावलं असतं!"

"तू समजावलं नसतंस, रोम्के. तू उठून चालायला लागला असतास."

आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. कपाटातून मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

आजोबा एकोणतीस दिवस रुग्णालयात राहिले. खुब्याचे काम पाच दिवसांचे होते. उरलेले चोवीस दिवस त्या जंतूचे, आणि मला विचाराल तर माझेही. पडून राहून त्यांच्या पायातली ताकद गेली आणि काठी कायमची आली. खेर्बेनकाकाही आठवड्यात परत दाखल झाले होते. बरे होऊन जाताना ते आजोबांच्या दारात थांबले.

"मी बोलायला हवं होतं रे."

"मीही," आजोबा म्हणाले. "आणि मोडकं बिस्किट दिलंस ते दिलंसच!"

दोघांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

घरी आल्यावर मिंकेआजींनी मला ब्लीचच्या पाण्यात बुडवून खसाखसा घासले. झाकणावरचा कालवा गेला, लाल टोपीतली मुलगी गेली, फक्त आपटलेला गृहस्थ अर्धा उरला. मग माझी रवानगी शेडमध्ये, खिळ्यांसाठी. आधी मला फार राग आला. मी काय केले होते? मी तर नेहमीसारखे झाकण लावून बसलो होतो. पण माझ्या शेजारीच ती निळी खुर्ची ठेवली होती. तिच्याकडे बघता बघता माझा राग विरघळला आणि तिथे पश्चात्ताप येऊन बसला.

मित्रांनो, कोणाला भेटायला रुग्णालयात जाल तेव्हा आत जाताना आणि बाहेर येताना हात साबणाने धुवा. एका डब्यात चार पलंगांचे हात घालू नका. पोट बिघडले तर लाजू नका, लगेच सांगा, मग घरी जायचा दिवस पुढे गेला तरी चालेल. खेर्बेनकाकांनी एक शुक्रवार वाचवायला पाहिले होते. त्यात कोणाकोणाचे किती दिवस गेले, हे मी पाहिले आहे.

त्यानंतर पाच हिवाळे गेले. बर्फ काही धरला नाही. फेना शहरातल्या बंदिस्त मैदानावर स्केटिंग शिकली, शिक्षकाकडून, खुर्चीशिवाय. गेल्या हिवाळ्यात तीन दिवस थंडी पडली तेव्हा आजोबा गिरमिट घ्यायला शेडमध्ये आले. मागोमाग फेना आली. तिने खुर्ची ओढून पाठीला धरून पाहिली. तिला चांगलेच वाकावे लागले.

"आजोबा, ही किती बुटकी आहे!"

"तुझ्या मापाची होती ती," आजोबा म्हणाले.

फेनाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "असं करू या. बर्फ धरला की तुम्ही बसा, मी ढकलते."

दोघे कुरणात गेले. तासाभराने परत आले. पाच सेंटीमीटर भरले होते. "अजून दोन दिवस," आजोबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाऊस आला.

पण खुर्ची पुन्हा कोपऱ्यात गेलेली नाही. ती आता दाराजवळ ठेवली आहे. आजोबा शहात्तर वर्षांचे आहेत, आणि थंडी सुरू झाली की ते रोज सकाळी येऊन तिच्यावरची धूळ पुसून जातात.