दहा बोटांचा परवाना

मी काच बोलतेय. परदेशातून आलेल्या माणसांना इथे काम करायचं तर परवाना लागतो, आणि तो देणाऱ्या कचेरीत, तीन नंबरच्या खिडकीशी माझा मुक्काम आहे. लोक माझ्यावर बोटं ठेवतात, मी खालून उजेड टाकते आणि बोटांवरच्या रेषा टिपते. रेषा नीट आल्या की हिरवा दिवा, नाही आल्या की लाल. दिवा माझ्या मर्जीवर नाही, हे आधीच सांगून ठेवते. उगाच मला शिव्या नकोत.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला मिजास होती. माणूस ओळखावा तर मीच, असं वाटायचं. कुणाची बोटं घामानं थबथबलेली, कुणाच्या बोटांना बिस्किटाचा चुरा. काही जण तर इतकं दाबतात, जणू दाराची घंटा आहे आणि आतून कुणी उघडतच नाहीये! मजेत चाललं होतं माझं.

मग फरशीवाला आला. आठ वर्षं फरश्या बसवल्या होत्या त्यानं, हात सतत ओल्या सिमेंटात. त्यानं बोटं ठेवली आणि मी दचकलेच. रेषाच नव्हत्या हो! झिजून पार गुळगुळीत. लाल. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल.

खिडकीमागच्या ताई भल्या बाई आहेत, कुणावर खेकसत नाहीत. म्हणाल्या, "दादा, ठसे उमटत नाहीयेत. दहाच्या दहा बोटं लागतात. पंधरा दिवस काम बंद ठेवा, कातडी भरून येईल."

"पंधरा दिवस? ठेकेदार म्हणेल, बस मग कायमचा घरी." तो कसनुसा हसला. "माझा तात्पुरता कागद अडीच महिन्यांत संपतोय, ताई. त्याच्या आत परवाना नाही झाला तर परत जावं लागेल. तिकडे गावी बायकोला सांगून बसलोय, परवाना झाला की तुला आणि पोरीला घेऊन येतो. पोरीनं दप्तरसुद्धा भरून ठेवलंय."

ताईंचा जीव कळवळला. पुढे वाकून त्या हळूच म्हणाल्या, "मग असं करा, निदान हातमोजे घालून काम करा. चांगले जाड घ्या."

"हे बरं सुचवलंत!" म्हणत तो गेला. मलाही हायसं वाटलं. मूर्ख मी.

कागद संपायला दोन दिवस उरले तेव्हा तो परत आला. उजवा हात खिशात होता. ताईंनी हसून विचारलं, "घातले ना हातमोजे?"

"घातले की. तिसऱ्याच दिवशी फरशी कापायच्या चाकात मोजा अडकला." त्यानं हात बाहेर काढला. अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं, त्याच्या शेजारचंही नव्हतं.

ताई खुर्चीतून अर्धवट उठल्या. तोच म्हणाला, "अहो, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. घ्या ठसे. दोन महिने घरीच बसलोय, बाकीची बोटं बघा कशी मऊ झालीत."

आठ बोटं ठेवली, आठही हिरवी. उरलेल्या दोन जागांसाठी ताईंच्या पडद्यावर एक खूण असते, 'बोट नाही'. ती त्यांनी दोनदा दाबली आणि पडदा लगेच म्हणाला, 'ठसे पूर्ण'. झिजलेलं बोट चाललं नव्हतं. नसलेलं चाललं.

परवाना छापून आला. त्यानं डाव्या हातानं धरून तो वाचला. "यावर फरशीकामच लिहिलंय, ताई."

"हो... ज्या कामाचा अर्ज, तेच..."

"असू दे. आधी पोरीला फोन करतो," म्हणून तो गेला.

आता जे कुणाला बोलले नाही ते सांगते. आठ बोटं ठेवली होती, पण माझ्यावर भार दहांचा पडला. त्या दोन रिकाम्या जागी मला ऊब लागली. रेषा नव्हत्या, पहिल्या दिवसासारखाच गुळगुळीत स्पर्श. ती बोटं अजून उचललेली नाहीत. नवीन माणूस हात ठेवतो आणि त्याच्या हाताखाली ती दोन असतात. मला भीती वाटते हो.

ताईंनाही कळलं असावं. हल्ली त्या कुणाला काही सुचवत नाहीत. "पंधरा दिवसांनी या," एवढंच म्हणतात, तेही खाली बघून. माणूस वळला की फडकं घेऊन मला घासत बसतात, रांग खोळंबली तरी थांबत नाहीत.

ताई, पुरे करा आता. तुमची बोटं झिजतील, पण ही दोन निघायची नाहीत.