दुप्पट वेगाची आई

त्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ‘घर’ नावाच्या ग्रुपवर आईचे अकरा व्हॉइस मेसेज होते. सगळ्यांत छोटा बावीस सेकंदांचा, सगळ्यांत मोठा दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. ग्रुपमध्ये माणसं तीन: आई, दादा आणि धाकटी बहीण. अकराही मेसेजांखाली दादाचा अंगठा होता. बहिणीनं त्यातला एकही अजून ऐकला नव्हता.

बहीण वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले काटे तिच्यापुढे येत आणि ती प्रमाणित वजनं ठेवून त्यांची चूक शोधत असे. दादा तिला ‘काटेबाई’ म्हणायचा. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दादा आणि आई एकाच घरात होते. दादा वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कंपनीचं काम करायचा, आई खाली. मधे तेरा पायऱ्यांचा जिना.

तीन वर्षांपूर्वी, एका मीटिंगच्या मध्येच आईचा फोन वाजला तेव्हा दादा म्हणाला होता, “आई, फोन नको करत जाऊस. बोलून पाठव. वेळ मिळाला की ऐकतो.” आई ते वहीत पायरीपायरीनं लिहून घेऊन शिकली होती. त्यानंतर तिनं कुणाला फोन केला नाही. अशा रूढी कुणी दवंडी पिटून सुरू करत नाही. त्या सोयीच्या असतात, म्हणून कुणी मोडतही नाही. आईचं ऐकत नाही, असं या घरात कुणी म्हणालं असतं तर दोघांनाही राग आला असता. दोघंही रोज ऐकत होते. फक्त दुप्पट वेगानं.

त्या दिवशी बहिणीच्या फोनची काच फुटली होती आणि तो दुरुस्तीला दिला होता. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिनं प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर ग्रुप उघडला आणि पहिला मेसेज लावला.

“ऐकताय ना रे… बाळांनो… मी… आई बोलतेय… कामात… नाही ना?”

आई प्रत्येक मेसेज याच वाक्यानं सुरू करायची. पण आज शब्दाशब्दांत खड्डे होते.

‘संगणक रडतोय,’ तिला वाटलं. सवयीनं तिनं आधी यंत्र तपासलं. दादाचा एक जुना मेसेज लावला. दादा नेहमीसारखाच धडाधड बोलला. यंत्र ठीक होतं.

तिचा डबा तसाच राहिला. टेबलावरचं स्टॉपवॉच घेऊन तिनं तेच एक वाक्य मोजलं. दोन वर्षांपूर्वीच्या मेसेजात चार सेकंद. वर्षापूर्वीच्या मेसेजात सहा. आजच्या मेसेजात आठ पूर्णांक दोन दशांश.

संगणकावर सगळं साध्याच वेगानं वाजत होतं. फोनवर मात्र दोन वर्षांपूर्वी ती साध्या वेगानं ऐकायची. पुढं कामं वाढली म्हणून दीडपट. या सहा महिन्यांत दुप्पट. निदान कामांमुळेच, अशी तिची समजूत होती. तिनं कागदावर भागाकार केला. चार. चार. चार पूर्णांक एक. तिच्या कानाला आई दोन वर्षं एकाच वेगानं बोलत होती.

तिनं शेवटचा मेसेज लावला. बारा वाजून पाच मिनिटांनी आलेला, सगळ्यांत मोठा. ते वाक्य झालं. मग धुतलेले कपडे, मग नळाला कमी येणारं पाणी. मग काहीतरी पडल्याचा आवाज आणि चाळीस सेकंद नुसता श्वास.

“पाणी… सांडलं. मी पण… पडलेय जरा. उठता येत… नाहीये. दादाला… सांगशील?”

त्याखाली दादाचा अंगठा होता.

बहिणीनं टेबलावरच्या फोनवरून आईला लावला. वाजत राहिला. दादाला लावला. अनोळखी नंबर म्हणून त्यानं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘दादा, आत्ता खाली जा.’ पाच सेकंदांत अंगठा आला. ‘दादा, आई पडलीय!’ याखाली काहीच आलं नाही. त्याची मीटिंग पुन्हा सुरू झाली असावी.

आता कुणाला सांगायचं? त्या दोघांपलीकडे तिला एकही नंबर पाठ नव्हता. एक सोडून. माहेरच्या घरासमोर शिंपीणमावशींचं दुकान होतं आणि लहानपणी खिडकीत बसून तिनं त्या पाटीवरचे आकडे हजार वेळा वाचले होते. आकडे आपोआप दाबले गेले.

“अगं बाई, तू! सूर्य कुठून उगवला आज? किती वर्षांनी…”

“मावशी, आधी पळा. आमच्याकडे. आई पडलीय, एक तास झाला. दार नुसतं लोटलेलं असेल.”

“आणि तुझा भाऊ?”

“वर आहे.”

“वर? घरात असून?” पुढचं मावशी बोलल्या नाहीत. रिसीव्हर टेबलावर आदळला. चपलांचा आवाज लांब गेला. शिलाई मशीन थांबल्यावर उरते तशी शांतता. बहीण सेकंद मोजू लागली. साठ. शंभर. एकशे पन्नास. दोनशे बाराव्या सेकंदाला, रस्त्यापलीकडून, मावशींचा आवाज आला. “अरे, खाली ये! कान आहेत की भोकं?”

रुग्णालयात आईच्या मनगटाला प्लास्टर होतं. मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोटं उघडमीट करायला लावली, चालवून पाहिलं आणि विचारलं, “बोलणं कधीपासून संथ झालंय?”

“नाही हो,” दादा म्हणाला. “बोलणं अगदी व्यवस्थित आहे. मी रोज ऐकतो.”

“मला… घास…” आई सांगू लागली.

“तिला घास नकोय, भूक नाहीये,” दादा म्हणाला.

“त्यांना बोलू द्या.”

सगळे थांबले. “…गिळायला… त्रास होतो. पाच महिने. सांगितलं होतं… मी.”

दादानं आईकडे पाहिलं. तिचा चेहरा बोलताना हलत नव्हता. त्यानं तो बऱ्याच दिवसांत एवढा वेळ पाहिला नव्हता.

“दीड-दोन वर्षांपासून असणार हे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “औषधानं फरक पडेल. पण रोज अर्धा तास समोर माणूस बसवून बोलायचं. फोनशी नाही. फोन ‘हं’ म्हणत नाही.”

बाहेर बहिणीनं भागाकाराचा कागद दादापुढे धरला.

“म्हणजे मी काय बहिरा आहे का, काटेबाई?”

“नाही दादा. काटा सरकत होता आणि चूक बघायची सोडून आपण दोघं रोज शून्यच त्याच्याखाली सरकवत होतो. तू पण, मी पण.”

दादानं कागदाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. “मी शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता तो मेसेज,” तो म्हणाला. “कपडे, नळ… मला वाटलं, रोजचंच.”

तरी सवय सहज सुटते थोडीच! आई घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दादा टॅब घेऊन खाली आला. “आई, हे बघ, बोलायचा सराव करून घेणारं ॲप. रोज गुण देतं. आणि तू कधीही करू शकतेस, माझी मीटिंग असली तरी.”

आईनं बऱ्या हातानं स्वतःचा फोन उचलला, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर ढकलून बंद केला.

“मी… आता त्यात… बोलणार नाही. ज्याला ऐकायचंय… त्यानं समोर बसावं.”

“अगं, पण रोज अर्धा तास कसा…”

“‘र’ म्हणायला… साडेचार वर्षं लावलीस तू. मी… पळवलं का तुला?”

बहिणीला हसू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. दादा टॅब हातात धरून उभा राहिला. पलंगाजवळ खुर्ची नव्हती. तो तेरा पायऱ्या चढून वर गेला आणि कामाची चाकाची खुर्ची उचलून खाली घेऊन आला.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी बहीण आली तेव्हा खुर्ची अजून पलंगाशेजारीच होती. तिनं आपला फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. तिथं आधीच दोन होते. दादा समोर बसला. बहिणीनं पिशवीतून स्टॉपवॉच काढलं.

आईनं तोंड उघडलं. दादाचे ओठ तिच्या आधी हलले. त्यानं ते मिटून घेतले.

“ऐकताय ना रे बाळांनो… मी… आई बोलतेय… कामात… नाही ना?”

सात पूर्णांक एक दशांश सेकंद.