एकतिसाव्या पानावरचं वाक्य

गुरुदासांनी त्या ओळीखाली पुन्हा एकदा लाल रेघ ओढली आणि मसुदा अक्षयासमोर सरकवला.

"हे कुठून घेतलंस?"

अक्षया नुकतीच कुडाळहून मिठबावला त्यांच्या घरी पोचली होती, अजून पाणीही प्यायली नव्हती. एका जुन्या ऑस्ट्रियन लेखकाच्या कादंबरीचा तिने नवा अनुवाद केला होता आणि छापायला देण्याआधी तो गुरुदासांकडे पाठवला होता. तीस वर्षांपूर्वीचा पहिला अनुवाद त्यांचा. जर्मन कंपनीच्या बोटीवर इंजिनखोलीत काम करता करता ते ती भाषा शिकले होते.

मसुदा आल्यापासून ते रोज दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसत. पोरीने आपलंच पुस्तक पुढ्यात घेऊन शब्द फिरवले असणार, याची त्यांना खात्री होती. तीस पानं काहीच सापडलं नाही. न सापडण्याने संशय वाढतच गेला. एवढी सफाई उगाच येत नाही. मग नायिकेच्या पत्रात ते वाक्य दिसलं.

"'तुम्ही गेल्यापासून मी दाराला कडी लावत नाही. वाऱ्याने हललं तरी उठून बघते.'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे मूळ जर्मनमध्ये नाहीच. मी घातलंय. माझं वाक्य आहे हे."

"माहीत आहे, काका." अक्षयाने नजर खाली वळवली नाही. "मी दोनदा काढून टाकलं. काढलं की पत्र कोरडं व्हायचं. शेवटच्या पानावर टीप दिलीय बघा. तुमची परवानगी घ्यायलाच आलेय."

गुरुदासांनी शेवटचं पान उलटलं. तिथे त्यांचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. त्यांनी चष्मा काढला, उगाचच पुसला.

सावित्री सरबताचे पेले घेऊन दारातच थबकली होती. नवऱ्याचं पुस्तक तिने कधी उघडलं नव्हतं.

"परत वाच गो ता."

अक्षयाने वाचलं.

"ता ह्यांचा नाय," सावित्री म्हणाली. "माझा आसा. आमचो चंदन पोटात होतो तेव्हा मी बोटीर पत्र धाडलेलंय, त्या पत्रातला."

अक्षयाने गुरुदासांकडे पाहिलं. आपलं लाल पेन उचलून त्यांनी टिपेतलं आपलं नाव खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'सावित्री' लिहिलं. मग मसुदा बायकोकडे वळवला.

सावित्रीने तिकडे पाहिलं नाही.

"त्या बायेक मगे उत्तर इला?" तिने अक्षयाला विचारलं.



"नाही, काकू. शेवटपर्यंत नाही येत."

"माका वाटलाच," सावित्री म्हणाली आणि पहिला पेला नवऱ्यासमोर ठेवला.