पानमळ्याबाहेर काढलेला कॅमेरा

मी एक जुना, सागवानी, दांडा फिरवून चालवायचा सिनेमाचा कॅमेरा आहे. अमरावतीला सिंधूबाईंच्या माडीवरच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझं चामड्याचं कवच आणि त्याची उचलायची कडी कधीच गेली. उचलायला लुगड्याच्या काठाची एक वेणी तेवढी बांधलेली आहे. घरी येणारी मुलं मला पाहून हसतात. "कॅमेऱ्याला लुगडं कुणी नेसवलं?" असं विचारतात. हसा, मित्रांनो, खुशाल हसा. पण हसून झालं की माझी हकिकत ऐका, कारण या वेणीला मी आज कोणी मखमलीचा पट्टा दिला तरी बदलणार नाही.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. उष्ण देशात पाठवायचा म्हणून मला चांगल्या सागाचं लाकूड लावलं होतं, कोपऱ्यांना पितळ होतं आणि वर काळ्या चामड्याचं खोळीसारखं कवच होतं, त्यावर सोनेरी अक्षरं. खरं सांगायचं तर मला त्या कवचाची भारी घमेंड होती. मुंबईच्या दुकानातून कमलाकांत नावाच्या तरुणाने मला वऱ्हाडात आणलं. अमरावतीचे वकील बापूसाहेब यांचा हा मुलगा. वडिलांना वाटत होतं पोरगा कोर्टात उभा राहील, आणि हा उभा राहिला माझ्या मागे, एक डोळा मिटून. बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण मला घराबाहेर काढलं नाही, हे त्यांचे उपकार.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि राज्य इंग्रजांचं होतं. लोकांनी सरकारी जंगलात शिरून गवत कापायचा सत्याग्रह केला, त्याचं चित्र आम्ही घेतलं. ते पडद्यावर यायच्या आतच सरकारने जप्त करून जाळलं. कमलाकांतला हुकूम झाला, की परवानगीशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, लावला तर तुरुंग. घरावर नजर बसली. आठवड्यातून एकदा त्याला पोलिसांपुढे तोंड दाखवून यावं लागे. ज्या माणसाने दिवसभर पाहायचं काम करायचं, त्याच्यावरच सगळे डोळे लावून बसले होते.

पण मनात घेतलेलं सोडेल तर तो कमलाकांत कसला! त्याने सिनेमासाठी एक नाटक रचलं. गोष्ट छोटी होती. त्या काळी दौऱ्यावरच्या साहेबाची राहुटी गावाबाहेर पडली, की चपराशी घरोघर फिरून भाजी, दूध, कोंबड्या फुकट उचलून नेत. कुणी हूं की चूं करत नसे. कमलाकांतच्या गोष्टीतली बाई मात्र साहेबापुढे टोपली उतरवते, त्याच्याकडे बघते, आणि टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन चालू लागते. बस, एवढंच. पण तेवढ्यासाठी तो तुरुंगात जायला तयार होता.

जागा मिळाली अकोटाजवळ, नत्थुजींच्या पानमळ्यात. नत्थुजी विड्याच्या पानांचे बागाईतदार. बापूसाहेबांकडे पानं त्यांचीच जात. मळा म्हणजे शेवरी-पांगाऱ्यावर चढलेल्या वेलींचं गर्द रान, चहूकडून तुराट्यांच्या कुडाची भिंत. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसायची सोय नाही. आम्ही पहारा चुकवून फाटकाशी पोचलो तर नत्थुजींनी हात आडवा केला.

"या भाऊ, पन चामडं बाहीर. मयात देवीचा वास हाये."

कमलाकांतने वहाणा काढल्या, त्याची बायको सिंधूने काढल्या. नत्थुजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अन् याचं?"

माझं कवच उतरलं, मित्रांनो! सोनेरी अक्षरांचं माझं कवच वहाणांच्या ओळीत, फाटकाबाहेर ठेवलं गेलं. मी उघडाबोडका आत गेलो. नत्थुजींची बायको तानुबाई माझ्याकडे बघून हळहळली. "याले धरा कुठून व माय?" म्हणून तिने आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला, त्याची वेणी घातली आणि मला बांधली. मी रुसलो होतो. पण रुसलेल्या कॅमेऱ्याकडे लक्ष कोण देतो?

साहेबाचं काम कमलाकांतने स्वतःच घेतलं, डोक्यावर टोप घालून. मग दांडा फिरवणार कोण? सिंधू पुढे आली. माझा दांडा एका लयीत फिरावा लागतो. हात मागेपुढे झाला की पडद्यावरची माणसं उड्या मारू लागतात. सिंधूचा हात जात्यावर तयार झालेला. ती ओठांत काहीतरी गुणगुणायची आणि दांडा असा फिरायचा, की मला झोप यावी.

अडलं ते तानुबाईपाशी. ती गोष्टीतली बाई झाली होती, चालणं-बसणं झकास, पण साहेबापुढे आली की हात आपोआप टोपली पुढे सरकवायचे.

"तानुबाई, द्यायची नाही आहे," कमलाकांत समजवायचा.

"समजून राहिलं मले, भाऊ. पन हात ऐकत नाई. माह्या सासूनं देल्लं, मायनं देल्लं. सायबाले नाई कसं म्हनू?"

"म्हणायचं नाहीच. मुका सिनेमा आहे. नुसतं परत फिरायचं."

"थेच त जड हाये," तानुबाई म्हणाली.

फिल्म थोडीच होती, म्हणून बाकीचे प्रसंग आधी उरकले. भरलेली रिळं न धुताच डब्यांत बंद करून ठेवली. सगळं झालं की गुपचूप मुंबईला नेऊन धुवायची, असा बेत होता. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला. एका सकाळी मळ्याच्या कडेला, वांग्यांच्या वाफ्यापाशी ऊन छान पडलं होतं. सिंधूने दांडा धरला. तानुबाई आली, टोपली उतरवली. तिचे हात टोपलीकडे गेले नि थांबले, मला जवळून दिसत होते ते. तिने साहेबाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग टोपली उचलली आणि पाठ फिरवून ताडताड चालू लागली. कुडापर्यंत गेली तरी थांबेना! सिंधूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दांड्याची लय तिने मोडू दिली नाही. तो प्रसंग माझ्या पोटात उतरला आणि मी माझा रुसवा विसरलो.

आता गंमत ऐका. टोपवाल्या कमलाकांतला कुडाच्या फटीतून कोणीतरी पाहिलं होतं. झालं, अकोटात बातमी गेली, की नत्थुजीच्या मळ्यात साहेब उतरलाय. फौजदार खुशालरावांची पाचावर धारण बसली. साहेब आपल्या हद्दीत आणि आपल्याला पत्ता नाही! बिचारे हार घेऊन धावत सलाम करायला आले. फाटकाशी आले आणि वहाणांच्या ओळीत त्यांना माझं कवच दिसलं. हार हातातच राहिला.

आम्ही सगळे आत अडकलेलो. मी तिपाईवर उभा, पोटात ताजी फिल्म. कुणी मला उजेडात उघडलं असतं तर तानुबाईचं ते परत फिरणं एका क्षणात जळून पांढरं झालं असतं. कूड मोडून बुटांसकट आत शिरायला खुशालरावांना कोण अडवणार होतं? पण तेही याच मातीतले. त्यांच्या आईने याच मळ्यात नारळ वाढवला होता. ते फाटकाबाहेर दगडावर बसले, कमरेचा पट्टा सोडला आणि पायाच्या पट्ट्या उलगडू लागले. पोलिसांच्या पायाला तेव्हा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लांबच लांब कापडी पट्टी गुंडाळलेली असे. एका पायाची सुटली. बूट निघाला. दुसऱ्या पायाची सुटू लागली.

कमलाकांतने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सिंधूकडे. सिंधूने मान हलवली. त्याने टोप काढून तिच्या हाती दिला आणि तो फाटकातून बाहेर गेला.

"खुशालराव, चला. कॅमेरा मी पूर्णा नदीत फेकला. ही खोळ घ्या नि मला न्या."

खुशालरावांनी त्याच्याकडे बघितलं, मग कुडाकडे. "खरंच फेकला काय?"

"हो, फेकला."

फौजदारांनी कुडाकडे पाठ केली. मग निघालेला बूट पुन्हा पायात घालू लागले. त्यांनी खरं मानलं की मानल्यासारखं केलं, ते मला आजवर कळलेलं नाही. जाताना कमलाकांत मागे वळून एवढंच बोलला, "नत्थुजी, जपा."

त्याला अकोल्याच्या तुरुंगात ठेवलं. सिंधू पानं खुडणाऱ्या बायांबरोबर टोपली घेऊन बाहेर पडली आणि घरी पोचली. पण घरावर पहारा होता, म्हणून आम्ही मळ्यातच राहिलो, मी आणि फिल्मचे डबे. नत्थुजींनी "जपा" हा शब्द देवाची आण घ्यावी तसा घेतला. मळ्यात सगळ्यांत थंड जागा शोधली, डबे केळीच्या पानांत गुंडाळून करंड्यांत ठेवले, वर ओलं फडकं घातलं. रोज सकाळी आंघोळ करून ते डब्यांवर पाणी शिंपडत आणि विड्याची पानं उलटावीत तसा एकेक डबा पालथा करत. डबे कधी उघडले नाहीत. तेवढं त्यांना सिंधूने सांगितलं होतं. पुढचं काही तिलाही ठाऊक नव्हतं. तिला दांडा फिरवता येत होता, फिल्मची प्रकृती माहीत नव्हती.

आणि माझं काय झालं म्हणता? एके दिवशी मला पुसताना तानुबाई थबकली. डोळा लावायच्या भोकाभोवती चामड्याची एक बारीक कडी होती.

"अहो, इकडे या! याले चामडं हाये अजून! मयात इतके दिवस चामडं!"

तिने देवीपुढे नाक घासलं आणि मला तडक मळ्याबाहेर काढलं. घरी नेऊन तुरीच्या कोठीवर, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात टाकलं. वर छपराचे कवेलू तापायचे, खाली उंदीर. तिकडे डब्यांची रोज पूजा आणि इकडे मी वाळीत! मत्सराने माझं लाकूड तडकायचं तेवढं राहिलं. मित्रांनो, त्या दिवसांत मी तानुबाईला मनातल्या मनात काय काय बोललो, ते मुलांपुढे सांगण्यासारखं नाही.

दोन पावसाळे गेले. कमलाकांत सुटला आणि घरी जायच्या आधी, न्यायला आलेल्या सिंधूला घेऊन मळ्यात आला. हाडांचा सापळा झाला होता, पण डोळे तेच. नत्थुजींनी अभिमानाने करंड्या पुढे केल्या. त्याने एक डबा उचलला, कानाशी धरून हलवला. आत पाणी हिंदकळलं. त्याने दुसरा हलवला, तिसरा हलवला. मग झाकण काढलं. गुळाचा पाक बिघडावा तसा चिकट गोळा होता आत, आणि उग्र वास.

नत्थुजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते करंडीला कवटाळून बसले.

"रोज पानी शिपडलं, भाऊ. एक दिवस खंड नाई पडू देल्ला. पानावानी जपलं. माह्या हातचं पान आजपावतर सडलं नाई!"

म्हातारा लहान पोरासारखा रडत होता. कमलाकांतने डबा खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ बसला. तुरुंगात ज्यासाठी दिवस काढले, ते त्याच्या पायाशी चिखल होऊन पडलं होतं. त्यालाही रडू आवरेना.

"नत्थुजी, तुम्ही नाही चुकलात," तो म्हणाला. "मी नुसतं जपा म्हणालो. कसं जपायचं ते सांगायला हवं होतं."

तानुबाई फाटकाशी उभी होती. ती चाचरत म्हणाली, "अन् थे लाकडाची पेटी? म्या थे मयातून हाकलली होती. चामडं होतं तिले."

"कुठे आहे?" कमलाकांत ताडकन उठला.

मला कोठीवरून उतरवलं तेव्हा माझ्यावर बोटभर धूळ होती, पण पोट खडखडीत कोरडं होतं. त्याने मला छातीशी धरलं. मी बोलू शकत असतो तर पहिल्यांदा तानुबाईची क्षमा मागितली असती.

माझ्या पोटातली फिल्म छोटी होती, म्हणून ती त्याने अमरावतीला अंधारखोलीत स्वतः धुतली. एका संध्याकाळी नत्थुजींच्या अंगणात, त्यांच्या पांढऱ्या धोतराच्या पडद्यावर ती लागली. सगळ्या नाटकातला तेवढाच तुकडा. बाई येते, टोपली उतरवते, बघते, परत फिरते. लोक ओरडले, "पुन्हा लावा!" पुन्हा लावला, पुन्हा लावला. तानुबाई पदर तोंडावर धरून बसली होती. दर खेपेला तिला धाक, की पडद्यावरची बाई आता टोपली देऊन टाकते की काय. देत नव्हती. चौथ्या-पाचव्या खेपेला तानुबाईने पदर खाली घेतला.

त्या हिवाळ्यात खरोखरीच्या साहेबाची राहुटी पडली. कमलाकांत मला नत्थुजींच्या ओसरीवर ठेवून दुरुस्तीचं सामान आणायला गेला होता. चपराशी आला आणि सवयीने म्हणाला, "बाई, वांगे टाका टोपलीभर."

"नाई," तानुबाई म्हणाली.

"नाई म्हंजे?"

"नाई म्हंजे नाई. पयले जड गेलं होतं, आता नाई जात."

चपराशी रिकाम्या हाताने गेला. माझ्या पोटात तेव्हा फिल्म नव्हती, दांड्यावर कुणाचा हात नव्हता. ते चित्र कुणीच घेतलं नाही. पण मी पाहिलं.

आता मी म्हातारा झालो. मित्रांनो, माझं एक मागणं आहे. घरातली जुनी वस्तू असो, नाहीतर जुनं माणूस, कुणी तुमच्या हवाली करून "जपा" म्हणालं, तर मान डोलवून मोकळे होऊ नका. तिला ओल सोसते की ऊन, हे आधी विचारा. तिलाच विचारता आलं तर फारच बरं. मला कोरडी जागा लागते, एवढं लक्षात ठेवा. आणि पुसताना ही लुगड्याची वेणी सोडू नका, ती तानुबाईची आहे.