सख्ख्या भावाचे वीस दिवस

चिझुको होरीउची नव्या पाहुण्याला जो पहिला प्रश्न विचारायची, तो कुणालाच आवडायचा नाही. लोक हौसेने क्योतोला यायचे आणि ही बाई बसथांब्यावर वाकून नमस्कार झाल्याबरोबर विचारायची, "तुमच्या घरात सध्या सुतक आहे का?" एकदा एका नव्या जोडप्याला विचारलं, तर नवरी रडायलाच लागली. तरी चिझुकोने प्रश्न सोडला नाही. बावीस वर्षं ती उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याने एकेका पाहुण्याला पायी फिरवत होती. आधी बुद्धाचं मंदिर, मग कामींचं, म्हणजे शिंतो देवांचं, देवस्थान. मंदिराला मरणाचं वावडं नाही. मरणावरच तर त्याचा संसार चालतो. देवस्थानाला मात्र मरणाचा वारासुद्धा खपत नाही. ज्याचं माणूस नुकतं गेलंय त्याने तिथल्या लाल कमानीखालून, तोरीखालून, आत जायचं नाही. आईबापाचे पन्नास दिवस, सख्ख्या भावाबहिणीचे वीस. हल्ली हे कोण पाळतं म्हणा. पण चिझुको पाळायची आणि दुसऱ्यांना पाळायला लावायची.

नुसतं लावायची नाही, चुगलीसुद्धा करायची. दोन हिवाळ्यांमागे एक तरुण वाटाड्या बाप जाऊन महिना झाला नसताना पाहुण्यांना घेऊन कमानीखालून गेला, तेव्हा हिनेच जाऊन देवस्थानच्या मुकासा गुरुजींच्या कानावर घातलं. देवस्थानच्या कचेरीत विश्वासातल्या वाटाड्यांच्या नावांच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असतात. त्या पोराची पाटी त्याच दिवशी खाली आली. चिझुकोला वाईट वाटलं नाही. नियम म्हणजे नियम, असं ती चारचौघांत म्हणाली होती.

आणि आता बारा दिवसांपूर्वी तिचा सख्खा थोरला भाऊ तामोत्सु वारला होता. पुतणीचा, नात्सुएचा, त्याच सकाळी फोन आला. "आत्या, बाबा गेले." चिझुको म्हणाली, "कळवलंस, बरं केलंस," आणि फोन ठेवला. अंत्यविधीला गेली नाही. दुसऱ्या दिवशी एक पाहुणे होते, त्यांना घेऊन ती कमानीखालून गेली. त्यानंतर आणखी तीनदा गेली. भावाचं सुतक असतं, आणि आपल्याला भाऊच नाही, असा तिचा हिशेब होता.

नऊ वर्षांपूर्वी, पितरांच्या दिवसांत, ती फुलं घेऊन तान्बाच्या डोंगरातल्या आपल्या गावी गेली, तर आईवडिलांच्या थडग्याच्या जागी नुसती सपाट खडी. दगड नाही, आजोबांनी लावलेलं कॅमेलियाचं झाड नाही. तामोत्सुने थडगं मोडून आतल्या अस्थी शहरातल्या एका सामाईक अस्थिघरात नेऊन ठेवल्या होत्या. विचारलं नाही, सांगितलंसुद्धा नाही. फोन केला तर म्हणाला, "तू वर्षातून एकदा फुलं घेऊन येतेस. गवत कोण उपटतं?" चिझुको म्हणाली, "आजपासून मला भाऊ नाही." त्यानंतर तिने त्याचं तोंड बघितलं नाही, आणि आता बघायला तोंडच उरलं नव्हतं.

त्या फेब्रुवारीच्या सकाळी थांब्यावर उतरल्या त्या ओनुमाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. यामागाताच्या बर्फाळ खेड्यातल्या, ठेंगण्या, हातात काठी, पाठीला पोरीबाळींसारखी सॅक. नोव्हेंबरात त्या धाकट्या मुलाकडे क्योतोत राहायला आल्या होत्या. नमस्कार होतो न होतो तोच चिझुकोच्या गळ्याभोवतीच्या तीन पदरी मफलरकडे बघून म्हणाल्या, "याला थंडी म्हणता तुम्ही? आमच्याकडे या दिवसांत आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून घराबाहेर पडतो."

"इथली थंडी पायातून चढते, आजी. वरून दिसत नाही."

"गोगलगाय नि पोटात पाय. क्योतोची माणसंही तशीच, असं सून म्हणते. सून इथलीच आहे, म्हणजे तिला ठाऊक असणार."

चिझुकोला हसू आलं. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"नाही हो," ओनुमाबाई म्हणाल्या. "आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. बाकी मरणारे सगळे मरून संपले. आणि तुमच्याकडे?"

बावीस वर्षांत हा प्रश्न उलटून कुणी विचारला नव्हता. म्हातारीने विचारला तोही सहज, कुणी 'जेवलात का' म्हटलं की आपणही विचारतो तसा.

"माझ्याकडे कोणी नाही," ती म्हणाली. सुतक नाही असं तिने म्हटलं नाही, आणि वाटभर तिला तेच टोचत राहिलं. खोटं बोललो नाही असं स्वतःला बजावावं लागलं, की समजावं आपण खोटं बोललो.

मंदिरात त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. चिझुकोने लाकडी घंटाघर दाखवलं, बुद्धाच्या उजव्या हाताच्या मुद्रेचा अर्थ सांगितला, कुठला खांब आगीतून वाचलेला ते सांगितलं. सांगताना तिची जीभ आपोआप चालत होती. ओनुमाबाई अर्धं ऐकत होत्या. मागच्या अंगणात मात्र त्या थांबल्या. तिथे बेवारस थडग्यांचे दगड एकावर एक रचून ढीग केला होता. शेकडो दगड, शेवाळलेले, झिजलेले, ज्यांच्याकडे बघायला कुणी उरलं नाही असे. मंदिर त्यांना रोज एकत्रच उदबत्ती लावतं.

ओनुमाबाईंनी पळी घेतली आणि खालच्या रांगेतल्या एका छोट्या दगडावर पाणी घातलं. दगड लगेच काळा पडला, पाणी खाली उतरलं.

"यांचं बरं आहे," त्या म्हणाल्या. "दगड तरी राहिलेत. आमचा मी फोडून घेतला."

"काय फोडून घेतलंत?"

"थडगं. गेल्या ऑक्टोबरात. सासूसासरे, नवरा, सगळ्यांना डब्यांत घालून इकडे घेऊन आले. गावात सात घरं उरलीत. बर्फ माणसाच्या डोक्यावर जातं. कोण उपसणार? मी अठ्ठ्याहत्तरची." मग जराशाने म्हणाल्या, "धाकटी बहीण बोलत नाही तेव्हापासून. आम्ही दोघी सख्ख्या जावासुद्धा. तिचा नवरा त्यातच होता."

पाहुण्यांशी वाद घालायचा नाही हा तिचाच नियम, पण तोंडातून निघून गेलं, "तुम्ही तिला विचारलंत का?"

"नाही."

"का नाही विचारलंत? तिचा नवरा होता तो!"

"विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. आणि मग तिचं ते 'नाही' पाठीवर घेऊन, फावडं घेऊन, मलाच बर्फात जावं लागलं असतं. ती शहरात राहते. तिला फुलं दिसतात, मला फावडं दिसतं."

"मग ती बोलत नाही ते बरोबरच आहे," चिझुको म्हणाली. आवाज चढला होता. "माझ्यासारखी असती तर तिने तुमचं तोंडही बघितलं नसतं!"

दुसरी कुणी असती तर तिथूनच परत फिरली असती. ओनुमाबाईंनी पळी जागेवर ठेवली, ओले हात पदरासारख्या लांब कोटाला पुसले.

"बरोबरच आहे. मी कुठे चूक म्हणते? भांडायचा तिला पूर्ण हक्क आहे." आणि मग जणू पीकपाण्याबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, "पण मी मेले ना, की ती वीस दिवस सुतक पाळेल. एवढं मला ठाऊक आहे. शिव्या देत पाळेल, पण पाळेल. भांडण वेगळं आणि सुतक वेगळं. सुतक काय आवडत्या माणसाचंच असतं होय?"

चिझुको वळली. "चला, देवस्थानाकडे जाऊ," एवढंच म्हणाली.

वाट दहा मिनिटांची. एका बाजूला भाज्यांचे वाफे, दुसऱ्या बाजूला बांबू. ओनुमाबाईंनी सॅकमधून भाताचे गोळे काढले, एक चिझुकोच्या हातात कोंबला. "खा. आत मुळ्याचं लोणचं आहे. माझ्यावर चिडलीस म्हणून भातावर नको चिडूस." केव्हा 'तुम्ही'ची 'तू' झाली कळलंही नाही. चिझुकोने खाल्लं. तामोत्सु गवत उपटायला जायचा तेव्हा असेच गोळे बांधून नेत असेल का, हे तिने नऊ वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. तान्बाची ती चढण, विळा, पाण्याची बादली. वर्षातून चारदा तरी. तीस वर्षं. आणि आपण यायचो ते शेवंतीची जुडी घेऊन, स्वच्छ थडग्यापुढे हात जोडायला.

तरीही राग गेला नव्हता. विचारायला हवं होतं त्याने. अजूनही तिला तसंच वाटत होतं.

कमान आली. छोटंच देवस्थान, कमानीपासून मुख्य गाभारा पन्नास पावलांवर, मध्ये हात धुवायचं दगडी कुंड. इथे पोहोचलं की चिझुको कडेला सरायची, वाकायची आणि डाव्या पायाने आत शिरायची. पाहुणे तिचं बघून तसंच करायचे. आजही ती वाकली. डावा पाय उचलला.

पाय पुढे पडेना.

"काय झालं?" ओनुमाबाईंनी विचारलं. "गुडघा का?"

"आजी, तुम्ही एकट्या जा."

"एकटी? मला काय कळतंय इथलं?"

"मी इथून सांगते. मोठ्याने सांगते. जा तुम्ही."

म्हातारीने तिच्याकडे एकदा नीट बघितलं, काही विचारलं नाही आणि काठी टेकत आत गेली. मग त्या सकाळी देवस्थानात जे चाललं ते याआधी तिथे कुणी ऐकलं नसेल. सगळ्या परिसराला हळू बोला म्हणून दटावणारी चिझुको होरीउची कमानीबाहेर उभी राहून भाजीवालीसारखी ओरडत होती. "आधी डावा हात! आता उजवा! पळीला तोंड लावू नका, आजी, हातात घेऊन चूळ भरा!"

"गार आहे गं!"

"आता थंडी वाजली ना? पुढे! दोनदा वाका! दोन टाळ्या!"

टाळ्यांचा आवाज पन्नास पावलं ओलांडून आला. चिझुकोचेही हात उचलले गेले, पण तिने ते खाली घेतले. सुतक होतं, तिला टाळी वाजवता येत नव्हती. मग काय करावं ते न कळून ती नुसतीच म्हणाली, "दादा." हा शब्द नऊ वर्षांत तिच्या तोंडी आला नव्हता. तिला रडू फुटलं आणि तिने मफलर तोंडात धरला.

कचेरीतून मुकासा गुरुजी खराटा घेऊन बाहेर आले. आरडाओरड कोण करतंय ते बघायलाच आले असावेत. "होरीउचीबाई? बाहेर का उभ्या?"

"सुतक आहे, गुरुजी. सख्खा भाऊ."

"अरेरे. कधी?"

"बारा दिवस झाले."

गुरुजींनी खराटा उभा धरला. त्यांचे ओठ हलले, ते मोजत होते हे तिला दिसलं. "परवा तर तुम्ही आत आला होतात. पाहुणे घेऊन."

"परवा. आणि त्याआधी तीनदा."

ते कमानीच्या आत, ती बाहेर. मग ते कचेरीत गेले आणि तिच्या नावाची पाटी घेऊन आले. बावीस वर्षांत लाकूड काळवंडलं होतं. पाटी त्यांनी तिच्या हातात दिली नाही; कमानीच्या खांबाशी खाली ठेवली. सुतकात असलेल्याला हातातून वस्तू देत नाहीत, एवढंच. तरी ते तिला फार लागलं. त्या पोराला किती लागलं असेल, ते आता तिला कळलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "मी आजपासून पाळते. आजपासून वीस मोजले तर चालतील?"

गुरुजी कडक होते, दुष्ट नव्हते. ते हळूच म्हणाले, "ज्याला उशिरा कळतं त्याला सवलत असते. तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग आजचा बारावाच. मरणाच्या दिवसापासूनच मोजायचे, तुम्हीच सगळ्यांना सांगता." आणि ते झाडायला निघून गेले.

ओनुमाबाई बाहेर आल्या, वाकताना कमरेला हात लावत. गुरुजींशी झालेलं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं. खाली पडलेली पाटी त्यांनी वाचली, चिझुकोचं तोंड वाचलं. "सकाळी मला खोटं सांगितलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"शिव्या तरी दिल्यास का त्याला?"

"बारा दिवस. नऊ वर्षं आणि बारा दिवस."

"मग ठीक आहे." त्यांनी काठीच्या टोकाने पाटी तिच्याकडे सरकवली. "उचल."

चिझुकोने पाटी पिशवीत ठेवली आणि तिथेच उभ्याने पुढच्या आठवड्याच्या पाहुण्यांना फोनवर निरोप लिहायला घेतले. 'माझा सख्खा भाऊ वारला आहे. येऊ शकत नाही. क्षमा असावी.' तिसरा निरोप लिहिता लिहिता ती थांबली, तारीख बघितली आणि बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"किती राहिले?" ओनुमाबाईंनी विचारलं.

"आठ," चिझुको म्हणाली. "आजी, आठच राहिले हो."