व्हेनिसमध्ये मुकी झालेली घंटा

मित्रांनो, तुमच्या तोंडात कधी कोणी पायमोजा कोंबला आहे का? माझ्या तोंडात कोंबला होता. तोही ओला! आणि नेमका त्याच दिवशी, ज्या दिवशी मला साऱ्या जन्मात सर्वांत मोठ्याने ओरडायचे होते. तो दिवस आठवला की अजूनही माझे लोखंड गार पडते.

मी मेंढीच्या गळ्यातली घंटा. माझे वय विचारू नका, अंगावरचे पोचे मोजा. सार्डिनिया बेटावर, आमच्या डोंगरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला पत्र्यातून वाकवले, पितळेच्या तुकड्यांसह चिखल आणि पेंढ्यात गुंडाळले आणि सरळ भट्टीत टाकले. मला वाटले, संपले! पण मी बाहेर आले ती पिवळीधमक. मग त्याने मला कानाशी धरून हातोडीने इतके ठोकले, की माझ्यासारखा आवाज दुसऱ्या कोणाचाच उरला नाही. मेंढ्या पाळणाऱ्या बाकिस आजोबांनी तो आवाज ऐकला आणि ते म्हणाले, "हीच. ही रागावल्यासारखी वाजते." हे माझे पहिले कौतुक!

आजोबांनी मला निएद्दाच्या गळ्यात बांधले. निएद्दा म्हणजे कळपातली सर्वांत पुढे चालणारी काळी मेंढी. आमच्या डोंगरात धुके उतरले की स्वतःचे पाय दिसत नाहीत. तेव्हा सारा कळप माझ्या मागे चाले. माणसेसुद्धा! घरातल्या प्रत्येक पोराला चालायला आले की आजोबा एक नियम पाठ करून घेत. हरवलात तर गोड्या पाण्याचा झरा शोधा, तिथे बसा, हलू नका, आणि घंटा ऐकू आली की ओ द्या.

फक्त एकदाच मी गप्प झाले होते. आजोबांची आई वारली त्या दिवशी त्यांच्या बायकोने, बोनारिया आजीने, माझ्या तोंडात गवत भरले आणि कळप गावातून आवाज न करता गेला. आमच्या घरात घंटा मुकी होते ती मेल्या माणसासाठीच. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

निएद्दा म्हातारी होऊन गेली आणि मला स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगले. नऊ वर्षे! माझ्या पोटात कोळ्याने घर केले. कधीमधी आजी मला वाजवून सगळ्यांना जेवायला बोलावी, तेवढेच. लोक येत, मला बोट लावत, "अरे वा, जुनी दिसते" म्हणत आणि बोट पुसत.

मग आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली आणि आजीने जाहीर केले, "मला पाण्यावरचं शहर बघायचंय."

ऑगस्टमध्ये मेंढ्यांचे दूध आटते, धारा काढायच्या नसतात, म्हणून घरातले निघू शकले. जावई तेवढा मेंढ्यांपाशी थांबला. निघाले कोण? आजी, आजोबा, त्यांची मुलगी आंतोनिका आणि तिच्या दोन मुली, चौदा वर्षांची इलारिया आणि सहा वर्षांची पेपेद्दा. आणि निघता निघता आजीने मला खिळ्यावरून काढून कमरेच्या पट्ट्याला अडकवले.

"आजी, हे काय?" इलारिया किंचाळली. "आपण सुट्टीला चाललोय, कुरणात नाही!"

"पेपेद्दा दर दहा पावलांनी कुठेतरी बघत उभी राहते. घंटा ऐकून मागे तरी येईल."

"फोन आहेत ना!"

"फोन काय पेपेद्दाच्या गळ्यात बांधणार आहेस?"

खरे सांगते मित्रांनो, मी खूश झाले, पण घाबरलेही. रात्रभर जहाज, मग दिवसभर आगगाडी, आणि मग ते शहर! घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. गल्ली वळते आणि पुढे पाणी. पूल चढावा, उतरावा, पुन्हा पाणी. हिरवे, खोल, तळ न दिसणारे. मी लोखंडाची! एकदा पट्टा सुटला की थेट खाली. आजी पुलाच्या कठड्यावर वाकली की माझी जीभ थरथरायची आणि मी उगाचच वाजायचे.

आजोबांना मात्र ते पाणी पसंत पडले नाही. "एवढं पाणी, आणि एक मेंढी तोंड लावणार नाही. खारट! काय उपयोग?"

"तू बघायला आलायस की मेंढ्यांना पाजायला?" आजी म्हणाली.

रोज सकाळी खोलीबाहेर पडण्याआधी आजोबा विचारत, "हरवलं तर?"

पेपेद्दा घडाघडा म्हणे, "गोड पाण्यापाशी बसायचं, हलायचं नाही, घंटा आली की बेंऽऽ करायचं!" ओ द्यायच्या ऐवजी बेंऽऽ, ही तिची स्वतःची भर होती.

पहिले दोन दिवस मी खणखणत पुढे आणि घर माझ्या मागे. तिसऱ्या दिवशी बोटीत चार-पाच मुले आमच्याकडे बघून खिदळू लागली. एकाने माझा फोटो काढला. एकाने "म्यांऽऽ" केले. त्याला मेंढी कशी ओरडते तेही माहीत नव्हते! इलारियाचे कान लाल झाले.

"आजी, प्लीज, पिशवीत ठेव ना ती. लोक बघतायत."

"बघू देत. त्या बाईने कुत्र्याला टोपी घातलीये, तिला नाही लाज वाटत. मला का वाटावी?"

बोटीतून उतरून आम्ही एका चौकात आलो. तिथे पिण्याच्या पाण्याची छोटी लोखंडी तोटी होती, सतत वाहणारी. अशा तोट्या त्या शहरात चौकाचौकांत आहेत. पेपेद्दाने तिच्याखाली पाय धरून दोन्ही मोजे भिजवले. आंतोनिकाने रागावून ते काढले आणि इलारियाच्या हातात दिले. आजी पट्टा सोडून, मला बाकावर ठेवून तोंड धुवायला गेली.

इलारियाने इकडे पाहिले. तिकडे पाहिले. आणि मोजा माझ्या तोंडात!

मी ओरडणार कशी? पाणी माझ्या पोटात ठिबकत होते. जीभ कापडात रुतली होती. आजीने मला पुन्हा कमरेला अडकवले. ओल्या रुमालाने कान पुसत ती कुत्र्याच्या टोपीवरून हसत होती, तिला काही कळले नाही. आम्ही चालू लागलो आणि मी गप्प. सर्वांत पुढे चालणारी मी, गप्प!

पुलावर गर्दी होती. एका दुकानाच्या खिडकीत काचेचे घोडे होते आणि पेपेद्दा अर्थातच थांबली. मला ती दिसली. नाक काचेला लावून उभी. तिचे कान माझ्याकडे होते, डोळे घोड्यांकडे. रोज असेच चालायचे. माझा आवाज लांब गेला की ती धावत यायची. आज लांब जाण्यासारखा आवाजच नव्हता. गर्दी मध्ये आली, आजी वळली, आणि पेपेद्दा माझ्या नजरेआड झाली.

पुढच्या वळणावर आंतोनिकाने मागे हात केला. हातात कोणी आले नाही.

"पेपेद्दा?"

मग जोरात, "पेपेद्दाऽऽ!"

दुकानापाशी कोणी नव्हते. पुलावर कोणी नव्हते, म्हणजे शेकडो माणसे होती, पण ती नव्हती. आंतोनिका कालव्याच्या काठाने धावत सुटली, पाण्यात वाकून वाकून बघत. पुलाखाली काहीतरी लाल तरंगत होते. पेपेद्दाचा फ्रॉक लाल होता. आंतोनिकाच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी कधी ऐकला नव्हता, लांडगा आलेल्या रात्रीही नाही. लाटेने ते लाल काहीतरी उलटले. कलिंगडाची साल होती.

"थांबा," आजी म्हणाली. "मी वाजवते. ती ऐकेल." तिने मला पट्ट्यातून काढले, हात उंच केला आणि सारा जोर लावून हलवले.

थप.

पुन्हा हलवले. थप. थप.

आजीने मला उलटे करून पाहिले नाही. कसे पाहील? तिच्या मनात दुसरेच आले होते. ती पुलाच्या पायरीवर मटकन बसली आणि तिने छातीवर क्रूस काढला.

"मुकी झाली," ती पुटपुटली. "बाकिस, घंटा मुकी झाली. आपली पोर गेली."

आजोबांनी टोपी काढली. आंतोनिका जागच्या जागी गोठली. मी आतून जीव तोडून ओरडत होते, अगं आजी, मोजा आहे गं, नुसता मोजा! पण मोजा तोंडात असताना हे सांगणार कसे?

मग इलारिया पुढे आली.

"आजी... ती मुकी नाहीये. मी केलं. मी मोजा घातला. मला लाज वाटत होती." आणि तिने दोन बोटांनी पेपेद्दाचा एवढासा, ओलाचिंब मोजा बाहेर ओढला.

आंतोनिकाने हात उगारला. आजीने तो धरला. तिने मला इलारियाच्या हातात दिले.

"वाजव. आता तूच वाजव."

बोटीतली ती मुले पुलावर उभी होती. इलारियाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तिने मला डोक्यावर धरले, आणि त्याच क्षणी दुपारचे बारा वाजले. साऱ्या शहरातल्या चर्चच्या घंटा एकदम सुरू झाल्या! केवढ्या त्या! प्रत्येक घंटा घराएवढी. त्यांच्यापुढे मी म्हणजे चिमणी. इलारिया रडत रडत हलवत राहिली आणि माझे मलाच ऐकू येईना.

आजोबांनी तिचे मनगट धरले. "थांब. धुकं आलं की आपण थांबतो. हेही धुकंच आहे. विरेल."

"आजोबा, ती पाण्यापाशी गेली असेल! तुम्हीच शिकवलंय! आणि इथे सगळीकडे पाणी..."

आजोबा कालव्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावरची एक आठी सुटली. "ह्या पाण्यापाशी नाही बसणार ती. हे खारं आहे. मी गोडं सांगितलंय. तोट्या! तोट्या शोधा!"

शेवटची घंटा विरली. आम्ही धावलो. मी खणखणत होते, रागावल्यासारखी, नऊ वर्षांचे सगळे एकदम बाहेर काढत. पहिल्या तोटीपाशी नुसती कबुतरे. इलारियाने मला वाजवले, आम्ही कान दिले. काही नाही. दुसऱ्या तोटीपाशी दोन प्रवासी बाटली भरत होते. पुन्हा कान दिले. काही नाही. माझ्या कडेला तडा जाईल असे मला वाटू लागले. गेला तर जाऊ दे, म्हटले, पण आधी पोर सापडू दे. आम्ही एका अरुंद गल्लीत शिरलो, इलारियाने मला भिंतींवर आपटत आपटत वाजवले, आणि गल्लीच्या टोकाकडून आले,

"बेंऽऽ!"

तोटीच्या दगडाला पाठ लावून ती बसली होती. मोज्यांविना बुटांत, गुडघे जवळ घेऊन. गाल ओले होते, पण आवाज ठणठणीत.

"किती उशीर! मी हललेच नाही. एक बाई आइस्क्रीम देते म्हणाली तरी नाही हलले. आता तुम्ही द्या." मग आंतोनिकाच्या मिठीतून डोके वर काढून तिने विचारले, "आजी, तू घंटा का बंद केलीस? मी ऐकत होते ना."

मग इलारिया तिच्यासमोर खाली बसली. "आजीने नाही. मी केली." आणि ती तिला मोजा घालू लागली. ओला होता, तरी पेपेद्दाने घालू दिला.

आता मी पुन्हा घरी आहे. खिळा तोच आहे, पण पोटात कोळी नाही. रोज जेवणाआधी इलारिया मला काढते, अंगणात उभी राहून वाजवते, आणि रस्त्यावरून तिच्या शाळेतली मुले जात असली तर जरा जास्तच जोरात वाजवते!

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा मोठा, गावठी आवाज असेल. भर रस्त्यात तुम्हाला पूर्ण नावाने हाक मारणारा. लाज वाटली तर वाटू द्या, हसू आले तर हसा, पण त्याच्या तोंडात काही कोंबू नका. तुमच्यामागून कोणीतरी खिडकीला नाक लावून, केवळ त्या आवाजाच्या भरवशावर चालत असते.

माझी भीती मात्र पूर्ण गेलेली नाही. इलारियाचीही नाही. म्हणून मला वाजवण्याआधी ती रोज माझ्या तोंडात बोट घालून बघते, आत काही नाही ना.