रिकामा परत येणारा डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. गोल, दोन कप्प्यांचा, उजवी कडी तारेने बांधलेली. माझ्या अंगात आजवर लसणाच्या वासाखेरीज काही आलेलं नाही आणि भुताखेतांवर माझा विश्वासही नाही. तेव्हा मित्रांनो, पुढे जे सांगतो ते तुम्हाला घाबरवायला नाही. घाबरायचं ते मी घाबरून घेतलं आहे.

मी मुळात एक सपाट पत्रा होतो. कारखान्यात यंत्राचा एक ठोसा बसला आणि मला पोट सुटलं. आधी मी आईबरोबर लाँड्रीत जायचो. आई तिथे काउंटरवर असते. कपड्यांचं गाठोडं हातावर तोलून ती वजन सांगते, आणि काटा मागाहून तिच्या होला हो करतो. पुढे तिची मुलगी शाळेत जाऊ लागली आणि मी मुलीकडे आलो.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. का, ते मला पहिल्याच दिवशी समजलं. मी जिन्यावरून घरंगळलो, ढोल झालो, चेंडू झालो, एकदा शिरस्त्राणही झालो. माझी कडी तुटली. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी कडीला तार बांधली आणि म्हणाले, "दहा माणसं तोलणारी लिफ्ट बरी, पण ही पोरगी नको." शाळेतल्या बाईंच्या चिठ्ठ्या माझ्याच झाकणात घरी येत. 'आज खिडकीतून बाहेर गेली.' खिडकी तळमजल्यावरची आहे, हे बाईंनी दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं. पहिली ओळ वाचून आई खाली बसली होती. पण एक खरं, मी रोज चाटूनपुसून रिकामा परत यायचो.

मग डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचं चित्त एका जागी राहावं म्हणून तिला गोळी सुरू केली. रोज सकाळी एक. त्या गोळीला मी नावं ठेवणार नाही. भिंगरीने जन्मात पहिल्यांदा एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं. बाकावर तिच्याशेजारी कुणीतरी आपणहून बसू लागलं. ती आईला म्हणाली, "आधी डोक्यात सगळे एकदम बोलायचे. आता एकेक जण बोलतं." आई त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडली आणि डोळ्यात साबण गेला म्हणाली.

चूक झाली ती कौतुकात. आत्या आली होती. बाबा तिला म्हणाले, "आमची आधीची भिंगरी गेली गं एकदाची. सुटलो!" आत्या म्हणाली, "गेली ना? मग दाराला कडी घाल. परत यायची!" सगळे हसले, आईसुद्धा. मी ओट्यावर पालथा निथळत होतो. भिंगरी टेबलाखाली बुटाची नाडी बांधत होती. ती हसली नाही. तिने दाराकडे पाहिलं.

गोळीने दुपारची भूक मरते. मी जसाच्या तसा भरलेला परत येऊ लागलो. दारातच आई मला हातावर तोलायची आणि तिचा चेहरा पडायचा. आठवडाभर असं चाललं.

मग एका दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मला कुणीतरी उघडलं. भिंगरी आता माझी कडी दोन अंगठ्यांनी हळूच काढायची. या हातांनी ती हिसकली, पूर्वीसारखी, तार खणखणेल अशी. अंडं दोन घासांत गेलं. पाव गेला, केळं गेलं. शेजारून भिंगरीचा आवाज आला, "सावकाश खा. ठसका लागेल." बाकावर ती एकटीच होती. माझ्या चकचकीत झाकणात मात्र दोन चेहरे होते. एकाच्या वेण्या नीट होत्या, दुसऱ्याच्या सुटलेल्या.

मी रिकामा येऊ लागलो. आई खूश. महिन्याने डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला काट्यावर उभं केलं. वजन दीड किलो उतरलं होतं.

"अहो, पण डबा रोज रिकामा येतो!" आई म्हणाली.

"काटा डबा बघत नाही. आणखी एक महिना बघू. पुन्हा उतरलं तर गोळी थांबवावी लागेल."

भिंगरीने हातातलं पुस्तक छातीशी धरलं. सगळे पुन्हा एकदम बोलू लागणार होते.

घरी आल्यावर आईने मला टेबलावर ठेवलं आणि भिंगरीला उचललं. बराच वेळ तोलून धरलं. "डबा कोण खातं, बाळा? रागावणार नाही."

"ती."

"ती कोण?" बाबा म्हणाले.

"तुम्ही घालवलेली. तिला कुणी घरात घेत नाही. मग ती शाळेत येते. भूक लागते तिला."

साडेचार वाजले होते. या वेळेला गोळीचा अंमल उतरतो. आजवर या वेळेला आई "झालं सुरू" म्हणून कपाळाला हात लावायची. टेबलावर माझी कडी आपोआप उघडली. खट्. तार थरथरत राहिली. लिफ्टच्या दोरांना न दचकणारे बाबा एक पाऊल मागे सरले.

आई सरली नाही. तिने दुसरी खुर्ची ओढली आणि दुसरी ताटली वाढली. मग रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "ये गं. चुकलं आमचं. हात धुतलेस का?"

न्हाणीघरातला नळ वाजला. घरातले तिघेही टेबलापाशीच होते.

त्या दिवशी भिंगरी दोन ताटल्या जेवली. जेवताना पाय हलवत होती, पेला सांडला, बोलणं थांबेना. कपाळाला कुणी हात लावला नाही. बाबांनी पाणी पुसलं, तेही न सांगता.

आता गोळीच्या आधी भरपूर न्याहारी, दुपारी माझ्या खालच्या कप्प्यात थोडंसं, आणि साडेचारला दोन ताटल्या. पुढच्या महिन्यात काट्यावर चढण्याआधीच आईने उचलून सांगितलं, "अर्धा किलो वर." काट्याने नेहमीप्रमाणे हो म्हटलं. गोळी चालू राहिली.

दुपारी आता माझ्या झाकणात एकच चेहरा असतो. हिसकणारे हात नाहीत. खरं सांगू? चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं.

मित्रांनो, डबा रिकामा आला म्हणजे मूल जेवलं असं समजू नका. आणि औषधाने कुणाला बरं वाटलं तर जरूर आनंद माना, पण आधी जी होती तिला 'गेली एकदाची' म्हणू नका. ती लांब जात नाही. दाराबाहेरच उभी असते, आणि उपाशी असते.